पहिला चहा वाईट बातमी आणणाऱ्याला

मी, कडूबाई सटवा शेंडगे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दूध संकलन आणि खवा, राहणार मांजरसुंबा, ता. जि. बीड, आज हे मृत्युपत्र करून ठेवते. माझी अक्कल जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्याला तो पुरेसा वाटत नसेल त्याने माझ्याशी दुधाचा भाव ठरवायला यावे. मला कोणी भरीस घातलेले नाही, तेवढी छाती कोणाची नाही. मजकूर मी सांगितला आणि ॲड. हरिओम यांनी लिहून घेतला. भाषा त्यांनी सरळ केली, राग माझाच ठेवला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठून एखादे निघाले तर ते खोटे समजावे.

कलम १. मांजरसुंब्याचे राहते घर आणि शिरूर कासारकडचे रान ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. घर मुलगा आदिनाथ याला आणि रान मुलगी बबिता हिला. लेकीला रान कशाला, असे माझे धाकटे दीर नाथा भाऊजी विचारतील. मी पहिल्यांदा गल्ल्यावर बसले तेव्हा ते म्हणाले होते, “बाईमाणूस गल्ल्यावर बसलं की लक्ष्मी रुसती.” लक्ष्मी काही रुसली नाही, भाऊजीच रुसले. माझ्या तेराव्याला त्यांना मानाने पहिल्या पंगतीत बसवावे, पण भाषण करू देऊ नये.

कलम २. माझे मालक कै. सटवा यांची काठी आणि घोंगडी डेअरीतच, चहाच्या शेगडीजवळच्या खुंटीला राहतील. का, ते सांगते.

आम्ही दोघांनी उमेदीची वर्षे मेंढरांमागे काढली. मालक पुढे चालायचे, मी मागे. लांडगा पुढून येत नाही, मागे राहिलेल्या लंगड्या कोकरावर येतो. म्हणून मागच्याने हाळी दिली की पुढच्याने थांबायचे, असा आमचा नियम होता. हाळी खोटी निघाली तरी मागच्याला बोल लावायचा नाही. एकदा बोल लावला की पुढच्या वेळी तो खात्री करत बसतो, आणि तेवढ्यात कोकरू जाते. उगाच ओरडणाऱ्या पोराचे कसे वाटोळे झाले, अशी एक गोष्ट शाळेत शिकवतात. ती रचणाऱ्याने मेंढरे राखली नसावीत.

मेंढरे विकून दुधात उतरलो तेव्हा हा नियम तसाच डेअरीत आणला आणि त्याला चहाची जोड दिली. वाईट बातमी जो घेऊन येईल, त्याला पहिला चहा. दूध नासले, गाडी बंद पडली, गवळी दुसऱ्या डेअरीला गेला, काहीही असो, आधी चहा, मग बातमी, मग माझी शिवी. शिवी बातमीला असायची, माणसाला नाही. या चहावर डेअरी उभी राहिली, हे माझे म्हणणे आहे आणि ते कोणी खोडून दाखवावे.

कलम ३. चकलांब्याचे संकलन केंद्र छबुबाई चालवतात. एखाद्या दुधाची शंका असली, म्हणजे गाईला इंजेक्शन दिलेले असले किंवा कासेला सूज असली, तर त्या कॅनच्या कड्याला त्या चिंधी बांधतात. मेंढरांत आम्ही आजारी जनावराच्या गळ्यात चिंधी बांधायचो, तिथूनच ही रीत आली. चिंधीचा कॅन डेअरीत वेगळा उतरतो आणि तपासल्याशिवाय कोणी तो ओतत नाही. ही रीत माझ्या मागेही चालू राहील. छबुबाईंना या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणतात. त्यांना जे द्यायचे होते ते मी वकिलांना न विचारता आधीच दिले आहे.

कलम ४. आदिनाथने माझ्या बैठकीच्या जागी काचेच्या दाराची केबिन बांधली. ते दार काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावावे.

ही केबिन पुण्याहून आलेल्या एका सल्लागारांच्या डोक्यातून निघाली. त्यांनी फळ्यावर शिडी काढून दाखवली. केंद्रवाल्याने सुपरवायझरशी बोलायचे, सुपरवायझरने मॅनेजरशी, मॅनेजरने मालकाशी. मधली पायरी चुकवायची नाही. मोबाईलवर ‘शेंडगे दूध परिवार’ असा ग्रुप केला आणि त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली. ॲडमिन दोघे, आदिनाथ आणि ते साहेब. बाकी परिवाराने वाचायचे आणि अंगठा उमटवायचा. मग एक दिवस ग्रुपवर हुकूम आला की मोठ्या कंपनीचे लोक पाहणीला येतात, कॅनच्या चिंध्या घाणेरड्या दिसतात, तेव्हा त्या बंद. चाळीस जणांनी अंगठे उमटवले. मी पण उमटवला असे दिसते, पण तो बबिताच्या पोराने खेळताना दाबला होता.

छबुबाईंनी हुकूम वाचूनही चिंधी बांधली. ड्रायव्हर त्रिंबकने ती सोडली, पण मनात पाल चुकचुकली म्हणून हातात चिंधी घेऊन काचेच्या दारापर्यंत गेला. “सुपरवायझरमार्फत या,” असे सांगून त्याला आतून परत पाठवले. सुपरवायझर लग्नाला गेलेला. कॅन टँकरमध्ये रिता झाला, कंपनीच्या दारात तपासणीत दूध नापास झाले आणि परतीच्या वाटेवर सगळा टँकर ओढ्यात ओतावा लागला. मला यातले काही ठाऊक नव्हते. डेअरीचे कसे काय, असे आदिनाथला विचारले तर तो म्हणाला, “समदं बरं हाय, आये.” त्रिंबकवर माझा राग नाही. सल्लागारांना माझ्या इस्टेटीतून काहीही नाही. त्यांची छत्री केबिनमध्ये राहिली आहे, ती त्यांनी घेऊन जावी.

कलम ५. आता डेअरी. माझ्या एकटीच्या नावाचा हा धंदा, त्याचे कुलर, टँकर, खव्याची भट्टी, नाव आणि माझी खुर्ची, हे सर्व मी माझी सून मोहिनी आदिनाथ शेंडगे हिला देते.

वाचणाऱ्याने पुन्हा वाचावे, नाव चुकलेले नाही. आमच्या दोघींचे पटत नाही, हे मांजरसुंब्याच्या कुठल्याही ढाब्यावर विचारा. लग्नाचे वर्ष उलटायच्या आत ती मला म्हणाली होती, “आत्या, तुमचा खवा करपट लागायलाय. गिऱ्हाईक तुमच्या तोंडावर बोलत न्हाई, म्हणून मी बोलते.” मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी भट्टीचा जाळ कमी केला. टँकर ओतल्याचेही मला तिनेच सांगितले. मी गोठ्यात होते. ती येऊन म्हणाली, “आत्या, दूध ओढ्यात गेलं. छबुबाईनं चिंधी बांधलती, ती काढायचा हुकूम यांचा होता. माझा नवरा हाय, पण तुमाला सांगितल्याबिगर मला घास गिळायचा न्हाई.” मी गाव गोळा होईल एवढे ओरडले. मग तिला चहा दिला.

नफ्यातला निम्मा वाटा आदिनाथचा. यंत्रे आणि हिशोब त्यानेच पाहावेत, त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. माणसे मोहिनीने पाहावीत. ग्रुपवर सर्वांना लिहिता आले पाहिजे, शिव्यासुद्धा. बाईच्या हाताखाली नवरा कसा, असे जे विचारतील त्यांनी आमच्याकडे दूध घालू नये.

कलम ६. इथवर लिहून झाल्यावर वकील म्हणाले, आता पाकीट बंद करू, तुमच्या पश्चात उघडेल. मला ते पटले. पण खुर्ची घेणाऱ्याची तयारी हवी, म्हणून मोहिनीला बोलावून सगळे वाचून दाखवले. ती खुश होईल असे वाटले होते.

ती म्हणाली, “आत्या, ही खुर्ची मला अशी नको. तुमी यांच्या केबिनीला नावं ठेवतावं अन् हे काय हाय? तुमी गेल्यावर हे त्यांना वाचून दाखवणार. त्यांनी उलटून कोणाला बोलायचं, फोटूला? हितं बी ॲडमिन तुमीच की!”

मला इतका राग आला की वकिलांनी पेन खिशात घातले. मी तिला बरेच बोलले, ते इथे लिहू नये. मग तिला चहा दिला आणि आदिनाथला बोलावून घेतले. पहिल्या ओळीपासून सगळे वकिलांना त्याच्या तोंडावर वाचायला लावले.  खुर्ची मोहिनीची, हे ऐकून तो जे बोलला ते त्याच्या शब्दांत इथे ठेवावे, वकिलांनी ते सरळ करू नये, असा माझा हुकूम आहे:

“आये, टँकरचं कावून लपवलं, ते तू मला एकदा बी इचारलं न्हाईस. मी सांगायलाच आलतो. गोठ्याच्या दारातून मागं फिरलो. समद्यांना तू चहा पाजतीस. मला लहानपणापासून वाईट बातमीला नुसती शिवीच मिळाली. मला तुझी लई भीती वाटती.”

हे मला मान्य नाही. मी त्याला दहा वेळा तरी चहा दिला असेल. कधी दिला, ते आत्ता आठवत नाही. कलम ५ मध्ये एक अक्षर बदललेले नाही आणि बदलणार नाही, खुर्ची मोहिनीचीच. त्याचे म्हणणे मात्र कोणी खोडू नये, मी सुद्धा नाही.

मोहिनी चहा ठेवायला उठली. तिला मी खाली बसवले, स्वतः शेगडीपाशी गेले आणि पहिला कप आदिनाथच्या हातात दिला. शिवी दिली नाही. तो पिऊन झाल्यावर ही सही करते आहे. अंगठा देणार नाही.

ठिकाण: शेंडगे दूध संकलन, मांजरसुंबा, ता. जि. बीड
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

सही: कडूबाई सटवा शेंडगे

वरील मजकूर कडूबाईंनी आमच्यासमोर पूर्ण वाचून घेतला व शुद्धीवर असताना सही केली. त्यांनी आम्हालाही, कुठे चुकले असेल तर बोला, असे विचारले. आम्ही बोललो. त्या चिडल्या. चहा मिळाला.

साक्षीदार १: छबुबाई, संकलन केंद्र, चकलांबा (सही)
साक्षीदार २: त्रिंबक, टँकर ड्रायव्हर, मांजरसुंबा (सही)