एकीची सही नाही

तिसरा मजला,
६ डिसेंबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मास्तरांचा खोकला जिन्यातून वरपर्यंत ऐकू यायचा, तो दोन दिवस आला नाही. म्हणजे औषध लागू पडलेलं दिसतंय. त्यांना म्हणावं, बरं वाटलं की लगेच थंडीत फिरायला निघू नका.

एकाच बिल्डिंगमध्ये राहून पत्र लिहिते म्हणून हसशील. हस. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली, म्हणून असेल, पण मला फोनवर भांडायला छान येतं आणि बोलायला येत नाही. कागदाचं बरं असतं. वाकडं लिहिलं तर खोडता येतं.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहते, खाली बघते आणि परत येते. दवाखान्यातून आल्यावर चौघांनी मला खुर्चीवरून वर आणलं, त्यानंतर खाली पाय ठेवलेला नाही. पण माझं अडत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा बँकवाला सकाळी दूध आणून देतो, त्याची बायको संध्याकाळी डोकावून जाते. ‘मावशी, आहात ना?’ म्हणते. मी म्हणते, ‘जाणार कुठे?’ रोज हाच प्रश्न आणि रोज हेच उत्तर. तरी ती आली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परिपत्रकरावांचं नवीन परिपत्रक तू वाचलंच असशील. जिन्यात चपला ठेवू नयेत, कुंड्यांचं पाणी खाली ठिबकू देऊ नये, आणि गॅलरीतून दोरीनं टोपली सोडू नये. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या डोक्यावर कुणाचे तरी कांदे पडले, त्याचा हा परिणाम. आपला सेक्रेटरी कसा आहे ते तुला माहीत आहे, त्याला शिंक आली तरी तो फळ्यावर कागद लावील. मी म्हटलं, झालं, आता माझी भाजी बंद. पण त्यानं शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘तिसरा मजला, उजवी बाजू वगळून.’ म्हणजे मी. दरवाजाला दुसरं कुलूप लावायला परवानगी घ्या म्हणून ज्यानं माझं डोकं खाल्लं, तोच हा माणूस. सोसायटीत राहायचं म्हणजे असंच. ज्या हातानं चिमटा काढतात त्याच हातानं पाठ चोळतात.

लेकीचा फोन रोज येतो. तिचा हट्ट चालू आहे. कसला ते नंतर कधीतरी. सध्या मी कपाटं आवरते आहे. रिकामा वेळ आहे, दुसरं काय.

आता पत्र लिहायचं कारण. टोपलीत ह्यांचा करडा कोट ठेवला आहे. डाव्या बाहीला कोपराजवळ फाटला आहे. कसा, ते विचारू नकोस. आता तो घालणार कोण, असंही विचारू नकोस. फाटकी वस्तू घडी करून ठेवायची नाही, असं आई म्हणायची, एवढंच. तू सोडून दुसऱ्या कुणाला मी तो दिला नसता. शहरात रफूवाले पुष्कळ असतील, पण त्यांनी केलेलं रफू हातांना लागतं.

सवडीनं कर. घाई नाही. उत्तर लिहिलंच पाहिजे असंही नाही. टोपली तुझ्या खिडकीपाशी लोंबती ठेवते.

तुझी,
ताई

*

तिसरा मजला,
१९ डिसेंबर

प्रिय बारके,

आशीर्वाद. कोट मिळाला. सोबत चिठ्ठी असेल म्हणून दोन्ही खिसे चाचपले. एका खिशात ह्यांचा रुमाल होता, तू तो धुऊन, इस्त्री करून परत तिथेच ठेवला आहेस.

बाही घेऊन गॅलरीत उन्हात बसले. फाटलं होतं ती जागा मला माहीत होती, तरी सापडेना. शेवटी कोट उलटा केला, तेव्हा खालच्या दुमडीतून काढलेले दोरे दिसले. त्याच कापडाचे दोरे ओढून त्यानंच भोक भरायचं, हे तू लहानपणी त्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडून शिकलीस तेव्हा मी तुला हसले होते. म्हटलं होतं, एवढे डोळे फोडायचे आणि शेवटी कुणाला दिसायचंही नाही.

कसा फाटला ते सांगते. तू दारात उभी होतीस, पण ते वर घडलं. ह्यांना दवाखान्यासाठी खाली न्यायला चौघं आले. घरातली एकही खुर्ची धड नव्हती, म्हणून मीटिंगच्या खोलीतून अध्यक्षांची ती हातांची जड खुर्ची आणली. पुढे बँकवाला आणि सेक्रेटरी, मागे मास्तर आणि अध्यक्ष स्वतः. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याच्या लोखंडात बाही अडकली. सगळे थांबले. मास्तरांनी एका हातानं खुर्ची पेलून दुसऱ्या हातानं हळूच बाही सोडवली. ह्यांना धाप लागली होती, तरी म्हणाले, ‘इतकी वर्षं कमिटीत घेतलं नाहीत, आज एकदम अध्यक्ष केलंत.’ चौघंही हसायला लागले. सेक्रेटरी म्हणाला, ‘काका, हसवू नका, हात सुटेल.’ मला दुसऱ्या खेपेला न्यायचं होतं, म्हणून मी वरून बघत होते. मला त्या हसण्याचा राग आला. आज वाटतं, ह्यांचं ते शेवटचं हसणं होतं आणि त्यात मास्तर होते, हे किती बरं झालं.

काल सेक्रेटरी वर आला होता. तोंडभर हसत म्हणाला, ‘ताई, आनंदाची बातमी. तुमच्या बहिणीनं लिफ्टच्या कागदावर सही केली.’

मी विचारलं, ‘कशी काय?’

‘आल्या आणि सही करून गेल्या. पेनसुद्धा घरून आणलं होतं. आता सगळ्यांच्या सह्या झाल्या. नवीन वर्षात काम सुरू.’

तो गेल्यावर मी मागच्या गॅलरीतून वाकून पाहिलं. तुझ्या खिडकीत तुझं टेबल नव्हतं. बँकवाल्याच्या बायकोला विचारलं तर म्हणाली, ‘मावशींनी ते दारापाशी हलवलंय. दिवसासुद्धा बल्ब लावून बसतात.’

बारके, ही घरं घेतली तेव्हा दोनच उरली होती, तळाचं आणि वरचं. मी मोठी, म्हणून पहिली निवड माझी. वारा आणि उजेड बघून मी वरचं घेतलं. तुला तळाचं मिळालं. त्यात उजेड येतो तो त्या एकाच मागच्या खिडकीतून, आणि तिच्या जिवावर तू इतकी वर्षं लोकांचे कपडे सांधत आलीस. आर्किटेक्टनं लिफ्टची जागा नेमकी त्या खिडकीपुढे दाखवली. पुढच्या बाजूला पाण्याची टाकी आहे, दुसरीकडे जागाच नाही. तू सभेत नाही म्हणालीस. आणि मी, सगळ्यांसमोर, ‘हिच्या एका खिडकीसाठी मी वर सडायचं का?’ असं बोलले. तू म्हणालीस, ‘ताई, वरचं घर तूच निवडलंस.’ अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच मी तुझ्याशी बोलणं टाकलं.

तेव्हा मला सोसायटीच्या त्या नियमाचा फार राग होता. एवढ्या घरांच्या सह्या झाल्या, पण एकीची नाही तर सगळं ठप्प. हा कसला नियम, म्हणून मी सेक्रेटरीला किती बोलले.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. मागच्या पत्रातही लिहिणार होते, पण कांद्यांच्या गोष्टीत वेळ काढला.

दवाखान्यात, त्या बाकावर, तू थर्मासमधला चहा माझ्यापुढे धरलास तेव्हा मी काय म्हणाले ते तुला आठवतं आणि मलाही. ‘तुझ्या खिडकीनं नेलं त्यांना.’ तू चहा परत थर्मासात ओतलास, झाकण लावलंस आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलीस. घरी गेली नाहीस. सकाळपर्यंत तिथेच होतीस.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रं घेताना मी डॉक्टरांना विचारलं होतं, लिफ्ट असती तर? ते म्हणाले, ‘नाही हो. दवाखान्याच्या दारातच असं झालं असतं तरी आम्ही काही करू शकलो नसतो. जिन्याचा ह्यात काही संबंध नाही.’ दोनदा म्हणाले. मी ऐकलं आणि घरी आले. तुला सांगितलं नाही. आज सांगेन, उद्या सांगेन, असं करत राहिले. खरं सांगू? कुणाच्या तरी माथी मारलं की रात्री जरा झोप लागते. तू तळाशी ते ओझं घेऊन बसली होतीस आणि मी वर झोपत होते. त्या ओझ्यापायी तू सही केलीस हे मला कळतं. पेन घरून नेलंस, त्यावरूनच कळलं.

म्हणून आज सेक्रेटरीला परत बोलावलं. म्हटलं, ‘माझी सही खोडा.’

‘अहो, अर्ज तर तुमचाच आहे.’

‘मागे घेते.’

‘असं कसं, ताई? नियमात बसायला पाहिजे.’

‘नियमात काय आहे?’

‘सगळ्यांची संमती.’

‘मग झालं तर. एकीची नाही.’

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, ‘तुम्ही दोघी बहिणी मिळून मला एक दिवस वेड लावणार.’ मग दारापर्यंत जाऊन म्हणाला, ‘टेबल परत खिडकीत सरकवायला सांगू का खाली?’ माणूस वाईट नाही.

बँकवाल्यालाही विचारलं, तुमचं नुकसान तर होत नाही ना? तो म्हणाला, ‘मावशी, आम्ही अजून दोन दोन पायऱ्या एकदम चढतो. सही तर तुमच्यासाठी केली होती.’ ही मुलं म्हातारी होतील तोवर आपण दोघीही नसू. तेव्हा खुशाल बांधू देत.

आता लेकीचा हट्ट. तिचं घर एकमजली आहे, दारातून थेट रस्त्यावर. ‘आई, तू वर एकटी अडकली आहेस, मला इथे घास गोड लागत नाही,’ म्हणते. मी हो म्हटलं आहे. रविवारी सकाळी ती गाडी घेऊन येते. कपाटं त्यासाठीच आवरत होते.

घर मात्र विकणार नाही. लेकीलाही बजावलं आहे. कुलूप लावून ठेवणार, सोसायटीचे पैसे वेळेवर भरणार, आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर लिफ्टच्या प्रत्येक कागदावर माझी सही लागणार. ती त्यांना मिळायची नाही. तुला देण्यासारखं माझ्याकडे आता एवढंच उरलं आहे. टेबल खिडकीत घे. बल्बखाली काळ्यावर काळा दोरा दिसत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

एकदा खाली उतरले की परत वर येणं होईलसं वाटत नाही. परत आणायचं म्हणजे पुन्हा चौघांच्या खांद्यांना त्रास, आणि माझंही वय होतं आहे. फळ्यावर नवं परिपत्रक लागलंय, बँकवाल्यानं वाचून दाखवलं. ‘रविवारी सकाळी जिना मोकळा ठेवावा. चपला, सायकली, कुंड्या हलवाव्यात.’ कारण लिहिलेलं नाही.

खुर्ची तीच, अध्यक्षांची. धरणारेही तेच चौघं. मास्तर ‘मी येणार’ म्हणाले, तुला विचारून की न विचारता ते मला माहीत नाही. सकाळी गारठा असतो, तर ह्यांचा कोट घालून बसेन. दुसऱ्या वळणावर बाही आत ओढून घेईन, तुझं काम वाया जायला नको.

चौघांना सांगून ठेवलं आहे, खुर्ची सरळ गाडीपाशी न्यायची नाही. तळाला, तुझ्या दारासमोर खाली ठेवायची आणि जरा दम घ्यायचा. दार उघडं ठेव. बंद असलं, तरी मी थोडा वेळ बसेन.

तुझी,
ताई