दोन्हीकडे सिंह

३ फेब्रुवारी, शनिवार

अंजनगाव सुर्जीहून रुख्मिणीबाई आल्या होत्या, सोबत मुलगा चंदन. नवरा एसटीत कंडक्टर, दिवाळीत वारला. तिकिटाच्या पैशांत कधीतरी एक नाणं आलं, ते त्याने मरेपर्यंत जपलं — दोन रुपयांचं, दोन्हीकडे सिंह! टाकसाळीची चूक, लाखात एक, असं गावभर सांगायचा. लोक हसायचे. खरं की खोटं, तेवढं सांगा, असं बाईंचं म्हणणं.

माझ्या तराजूवर ठेवलं. सहा ग्रॅम हवं, भरलं साडेपाच. दोन नाणी घासून एकमेकांना चिकटवलेली, दुसरं काय! अमरावतीत नाण्यांतलं मला कळतं म्हणतात, मग काय, तोऱ्यात सांगून टाकलं — तुमच्या मालकांना कुणीतरी बनवलं.

बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटं असन तं तुमीच ठेवा. घरात दिसलं का जीव जळते माहा."

टाकलं खोट्या नाण्यांच्या डबीत.

८ फेब्रुवारी

सहज माझंच एक चांगलं नाणं तोललं. साडेपाच! दुसरं तोललं. तेही साडेपाच. तराजूच बिघडलाय!

बाईंचं नाणं घेऊन तडक सराफाकडे. त्याच्या काट्यावर बरोबर सहा. कड भिंगाखाली धरली, जोड दिसला नाही. तसं मोतीबिंदूमुळे सगळंच धुरकट दिसतं, ऑपरेशन दोन वर्षं टाळतोय — पण काट्याला काही मोतीबिंदू नाही. खरं आहे. चाळीस वर्षं ज्याच्या मागे फिरलो ते माझ्या घरात, खोट्यांच्या डबीत!



९ फेब्रुवारी

सरोजिनीलाही सांगितलं नाही. बायकोपासून नाणं लपवायची वेळ पहिल्यांदा आली.

११ फेब्रुवारी, रविवार

फोन वाजला की वाटतं, चंदनच. अरे, पण बाईच म्हणाल्या ना तुम्हीच ठेवा म्हणून? मी काही चोरलं नाही. हे आज दहा वेळा स्वतःला सांगून झालं. चोरलं नसतं तर दहा वेळा सांगावं लागलं असतं का?

पुढच्या रविवारी अकोल्याला उद्धवकडे, जठारपेठेत, आमची नाणेवाल्यांची बैठक. तिथे टेबलावर ठेवलं तर सगळे उभे राहतील. कुठे मिळालं विचारतील. काय सांगू?

जेवण गेलं नाही. सरोजिनी म्हणाली, बीपी तपासून घ्या. ही लाज आहे, बीपी नाही.

१४ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीने अंजनगाव. जायच्या आधी नाण्याचे चार फोटो काढले, तेवढा मोह सुटला नाही.

बाईंना म्हटलं, माझा तराजू खोटा होता. तुमचे मालक खरे होते. हात जोडले. बाईंनी नाणं हातात घेतलं. मग नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवलं आणि त्यालाच म्हणाल्या, "जनमभर लोकायनं हासलं तुमाले. मीबी हासली. चुकलं माहं."

चंदन बाहेर निघून गेला. ओट्यावर तोंड फिरवून बसला होता. बापाची सगळ्यात जास्त थट्टा त्यानेच केली होती म्हणे.

विकायचं असेल तर सांगा, म्हटलं. "इकाचं नाही," बाई म्हणाल्या. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवलं. मला चहा दोनदा.

परतताना गाडीत फोटो उद्धवला पाठवले. वर लिहिलं, बघ, काय परत करून आलो!

१५ फेब्रुवारी

उद्धवचा फोन. फोटो त्याने कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. "श्यामराव, कडेच्या आतून जोड दिसून राह्यला. दोन नाणे चिकटवेल हायेत. त्या बाईले सांगा लागन तुमाले."

मी म्हटलं, फोटो नीट आला नाही. मी हातात घेऊन पाहिलंय. खरं आहे.

उद्धव लगेच म्हणाला, मग प्रश्नच नाही. माझ्या शब्दावर तो कधी शंका घेत नाही.