मग साखर कुणी खाल्ली?

लोणावळा

प्रिय बये,

पत्र बघून घाबरू नकोस, मी अजून आहे! फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस. आमच्या नवाजला नोकरी लागली म्हटलं, तर तू 'छोकरी मिळाली' ऐकून अख्ख्या आंबी गावात पेढे वाटलेस. आज तसं होऊन चालणार नाही, म्हणून लिहितेय. आमचा इर्शाद कंपनीत जाताना पत्र देईल.

म्हातारपणी आपलं दोघींचं काळीज एकदमच बिघडलं. ठोके कधी धावतात, कधी अडखळतात. गुठळी होऊन झटका येऊ नये म्हणून रक्त पातळ करायची तीच गोळी तुला, तीच मला. तर गेल्या आठवड्यात माझ्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. टॉवेल भिजला. लय भ्याले गं. इर्शादनं उचलून दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर राजेश्वरी, आपल्या नातींच्या वयाची. तिच्या कॉम्प्युटरात माझं सगळं होतं. वजन चव्वेचाळीस किलो, रक्ताचे रिपोर्ट, कुठली गोळी कशाबरोबर चालत नाही, तेसुद्धा. ते सगळं बघून तो डॉक्टरला सुचवतो, हिला किती औषध द्यावं. त्यानं पुन्हा पूर्ण गोळीच सांगितली. पोरगी एकदा पडद्याकडे बघते, एकदा माझ्या सुरकुत्यांकडे. शेवटी म्हणाली, "आजी, जन्म एक जून एकोणपन्नास, हे खरं का?"

मला हसूच आलं. म्हटलं, "बाई, आमचा अख्खा वर्ग एक जूनचा!" आठवतं ना, चांगल्या अकरा वर्षांच्या घोड्या झाल्यावर आपल्याला कार्ल्याच्या शाळेत घातलं. एवढाल्या पोरी पहिलीत कशा घ्यायच्या, म्हणून गुरुजींनी दोघींना सहा वर्षांचं लिहून टाकलं. आणि माझी अम्मा तर सांगायची, देश स्वतंत्र झाला तेव्हा गावात साखर वाटली, तिच्यासाठी आपण दोघी झिंज्या धरून भांडलो. कागदाप्रमाणे आपण तेव्हा जन्मलोच नव्हतो. मग साखर कुणी खाल्ली?

राजेश्वरीनं बोटं मोजली, शहात्तर खोडून एक्याऐंशी टाकलं. आणि बये, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर बदललं! ऐंशी ओलांडलेली, त्यात अंगानं काडी, म्हणून गोळी निम्मी. अंगावर काटा आला माझ्या. केवढी ती अक्कल, आणि गुरुजींच्या टाकाच्या एका फटकाऱ्यावर अडलेली! मी त्या पडद्याला हातच जोडले. राजेश्वरी हसून म्हणाली, "हा फक्त सुचवतो आजी, ठरवायचं मला." मग सगळं दोनदा तपासून तिनं चिठ्ठी लिहिली. आता नाक ठीक आहे.

ईदला आलीस तेव्हा तुझ्या दंडावरचे निळे डाग मी पाहिले होते. "हंड्याची कड लागली आसंल" म्हणालीस आणि मी येडी ते मानून बसले. हंड्याची कड न्हाई ती, बये. तुझंही वजन माझ्याइतकंच, तुझाही जन्म तोच एक जून एकोणपन्नास. आजच्या आज तुझ्या संदेशला घेऊन तुझ्या डॉक्टरकडे जा आणि खरं वय सांग. गोळी मनानं मोडू नकोस, बंद तर मुळीच करू नकोस. तुझ्याशिवाय माझ्याशी भांडायला आता उरलंय कोण? शाळेत घेता यावं म्हणून गुरुजींनी आपल्याला लहान केलं. त्याच शाळेत गिरवलेल्या अक्षरात सांगतेय, आता मोठी हो.

त्या साखरेतली अर्धी मूठ तुझी होती, हे आज कबूल करणारी,
तुझीच
जीनत