मध्यावर थांबलेला काटा

अहो माधवचे बाबा,

ओळखलंत का? की तिकडे गेल्यावर बायकोलाही विसरलात? तुमचा काही भरवसा नाही. सरदारांचे ड्रायव्हर तुम्ही, कंपू भागातल्या देवळाशी त्यांच्या बाईसाहेबांना उतरवलंत, सावलीत गाडी लावून डुलकी काढलीत आणि रिकामी गाडी घेऊन परत आलात! सरदारांनी विचारलं, "बाईसाहेब कुठं?" तर तुम्ही वाकून मागच्या सीटवर बघायला लागलात. म्हणून आधीच सांगते, मी तुमची बायको. सूनबाईला, शालिनीला, लिहायला बसवलंय. ती विचारते, वर नाव काय घालू? अगं, उभ्या जन्मात घेतलं नाही ते आता पत्रात घेऊ?

लिहायचं कारण असं की आपला पत्ता बदलतोय. आधी संस्थान गेलं. तुम्ही गेलात तेव्हा आपण मध्यभारतात होतो, आता तेही गेलं म्हणे. नवा प्रदेश झालाय आणि कचेऱ्या सगळ्या भोपाळला चालल्यात. माधवचं टेबलसुद्धा सुतळीनं बांधून पुढे गेलं. टेबल गेल्यावर माणूस किती दिवस मागे राहणार? तुम्ही श्राद्धाला हजीरा मोहल्ल्यातल्या या घरी याल आणि कुलूप बघून उपाशी परत जाल, म्हणून कळवते.

पण माझ्या जिवाला घोर आहे तो वेगळाच. माधव म्हणतो, भोपाळला जायचं ते बाबांच्या गाडीनंच! आगगाडी आहे, पण नाही. सरदारांची जहागीर गेली, घोडे गेले, तेव्हा त्यांनी ही गाडी तुमच्या हवाली केली, "तूच सांभाळलीस, तूच ने," म्हणाले. ती मागे टाकून जायला पोराचं मन होत नाही. रोज सकाळी तुमच्यासारखाच तिला पुसतो. बरोबर शालिनी, मी आणि आपली छबी. अहो, नात आता चालायला लागली, तुम्ही पाहिलीच नाहीत.

परवा तो आम्हाला घेऊन शिवपुरीच्या रस्त्याला निघाला. गाडी लांबच्या वाटेला चालते का बघायला. पनिहारच्या पुढे चढ लागला आणि मला काहीतरी करपल्यासारखा वास आला.

"माधव, थांबव रे. तापली वाटतं."

"आई, काटा बघ की! बरोबर मध्यावर आहे."

खरंच, समोरच्या घड्याळातला इंजिनाच्या तापाचा काटा मध्यावर होता. शहाण्यासारखा. आणि पुढून वाफ निघत होती! माधव उतरला, फडकं घेऊन पुढचं झाकण फिरवलं, तर उकळतं पाणी उसळून त्याच्या हातावर आलं. पंजा भाजला हो पोराचा. छबी माझ्या मांडीवर किंचाळत होती. आणि आत तो काटा, अजून मध्यावर!

आता तुम्हीच सांगा, असा काटा काय कामाचा?

मुरारहून रहमत मिस्त्रीला बोलावलं. तुमच्याच हाताखाली शिकलेला तो, आता दाढी पिकली त्याची. त्यानं झाकण उचललं, बराच वेळ आत डोकं घालून बसला. मग मलाच हाक मारली, "अम्मा, ज़रा इधर आइए. ये कपड़ा पहचानती हैं?"

इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पितळेची एकेक बोंडली बसवलेली असते, अंगठ्याएवढी. इंजिन किती तापलं ते काट्याला कळवायचं काम त्यांचं. पण काट्याची तार बोंडलीपर्यंत गेलीच नव्हती. मधेच वळवून जुन्या रेडिओतल्या कसल्याशा तुकड्याला जोडून ठेवली होती, आणि वरून चिंधी गुंडाळली होती. माझ्या अंजिरी लुगड्याची चिंधी! त्या लुगड्याचा पदर उंदरानं कुरतडला, असं कोण म्हणालं होतं मला? मी बिचारी फडताळ उपसून उंदीर शोधत बसले!

माधव चिडला. "बाबांनी असं केलंच कशाला? दोन्ही बोंडल्या खराब झाल्या तर नव्या घालायच्या."

नव्या मिळत नव्हत्या रे तेव्हा, मी म्हटलं. आणि मिळाल्या असत्या तरी यांनी घातल्या असत्या का, कोण जाणे. सरदारांच्या घरची रीतच तशी. वाईट बातमी बाईसाहेबांच्या समोर न्यायची नाही. घोडा मेला तर "आराम करतोय" म्हणायचं. किल्ल्याच्या चढावर काटा जरा वर गेला की त्या मागून ओरडायच्या, मोटार पेटणार, आम्हाला उतरवा! मग तुम्ही काट्यालाही दरबारी वागणूक शिकवलीत. काही होवो, त्यानं मध्यावर उभं राहायचं, मान खाली घालून.

रहमत हसून म्हणाला, "उस्ताद को काँटे की क्या ज़रूरत थी? वो तो नाक से गाड़ी चलाते थे."

तुमचं खरं हो. पण नाक बरोबर घेऊन गेलात ना! आणि काटा ठेवलात पोरासाठी. त्याला एका शब्दानं सांगायचं नाही का? सरदार गेले, बाईसाहेब माहेरी पुण्याला गेल्या, तरी तो काटा कुणासाठी मुजरा करत होता?

रहमतनं मुरारच्या भंगारातून फौजी ट्रकच्या दोन बोंडल्या आणल्या. त्या ट्रकचं आणि आपल्या गाडीचं इंजिन एकच म्हणे. पण दोघी सारख्या दिसणाऱ्या, आणि कामं निरनिराळी. एक पायरीपायरीनं ताप कळवते. दुसरी गप्प असते आणि उकळी फुटली की मगच ओरडते. काट्याची तार पहिलीला हवी. ओळखायचं कसं? गाडी दाराशी लावली, ओट्यावर शेगडी ठेवली. भाताचं पातेलं मागत होते, मी आंघोळीचा तांब्या दिला. तारा लांबवून एकेक बोंडली पाण्यात सोडली. मी गाडीत बसून काटा बघत होते.

पहिली सोडली. पाणी कोमट झालं, काटा हलला. वाफ धरली, आणखी चढला. आपल्या समोरच्या वहिनींसारखी, बारीकसारीक सगळं सांगणारी. दुसरी सोडली. कोमट, काही नाही. कढत, काही नाही. पाणी खळाखळा उकळलं आणि काटा एकदम दुसऱ्या टोकाला!

मी म्हटलं, "रहमत, ही दुसरी तुझे उस्ताद."

सगळे हसले. मी गाडीतच बसून राहिले. उतरवेना.

तुमचंही असंच झालं ना हो? अंग चटके देत होतं, तरी "उन्हातून आलोय, जरा कसर आहे." डोळे लाल, तरी "काही नाही." मी कपाळाला हात लावायला आले की तोंड फिरवायचात. मी काय बाईसाहेब होते? इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर मलाच रागावला, इतके दिवस काय करत होतात? काय सांगू त्याला? आमच्याकडे काटा मध्यावर होता!

आता दोन्ही बोंडल्या आपापल्या जागी बसल्या आहेत. इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीतला गाळ काढला. काटा खरं बोलतो, आणि खरं बघून माधवचा चेहरा उतरलाय. चढावर काटा भराभर वर जातो. थांबलं, बोनेट उघडलं की उतरतो. रहमत म्हणाला, गाडी पोचेल, पण वेळेवर थांबलात तर. माधव थांबणाऱ्यातला नाही, तुमचाच मुलगा. वाटेत गुना गावाकडच्या जंगलात पाणी कुठून आणणार? हाताला अजून पट्टी आहे त्याच्या. मला राहून राहून तो परवाचा चढ आठवतो.

बघा, शालिनीनं लिहिणं थांबवलं. मगाशी दौत पुढे सरकवताना तिचा हात माझ्या हाताला लागला, तेव्हापासून माझ्याकडे बघतेय. लिही गं. हो, संध्याकाळी अंग तापतं माझं. किती दिवस? झाले काही. माधव नोकरी सोडून बसेल म्हणून बोलले नव्हते. लिही तसंच, यांना कळू दे की खोड यांच्या एकट्याची नव्हती.

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मी तोंड फिरवलं नाही.

ती म्हणते, आधी कंपूतला डॉक्टर, मग भोपाळ. तो नको म्हणाला तर माधव पुढे जाईल, आम्ही मागून. मला भीती वाटते हो. पण मी तुम्हाला वचन देते. निघू तेव्हा पुढच्या सीटवर मी बसणार, माधवच्या शेजारी. अक्षरं मला येत नाहीत, काटा वाचता येतो. तो वर सरकला की मी ओरडणार, पोरगा कितीही चिडो. आणि माझ्या अंगाचा काटा सरकला, तरी तितक्याच मोठ्यानं ओरडणार.

तुमची,
माधवची आई
(अंगठा उमटवला आहे. शाई जास्त झाली, पुसू नका.)

ता. क. दर चढाला गाडी गार होईपर्यंत थांबायचं म्हणजे खायला भरपूर लागणार. माझी आई तिकडेच आहे, तिला सांगा. इतकी वर्षं आम्ही कावळ्याच्या चोचीनं पाठवतो, एकदा उलटं येऊ दे. सांजोऱ्या पाठव म्हणावं. वेलची जास्त, तुपात खरपूस तळलेल्या. आणि छबीसाठी लहान लहान, तिच्या मुठीत मावतील अशा.