डिलीटचं बटण काढलं

६ डिसेंबर २००३

आजपासून माऊस माझ्या हातात. हे शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आशा, आता तू माझी कारकून."

चाळीस वर्षांच्या संसारात मला यांनी असं कधी शेजारी बसवलं नव्हतं. टपालखात्यात यांची चौतीस वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून पाचूबंदर, चिंचोटी, कुठे कुठे जायचे. म्हातारी माणसं त्यांच्या घरच्या बोलीत कसं बोलतात ते टेप करायचं. मी चिडायचे. घरातलं माणूस बोलतंय ते ऐकायला वेळ नाही, आणि गावभरच्या म्हाताऱ्या कसल्या टेप करता!

आता त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरात आहेत. यांच्या पुतणीने, इशिताने, दोन महिने खपून भरल्या. एकशे त्रेचाळीस माणसं. बहुतेक गेलेली.

त्यांची नावं, गावं नीट लावायची आहेत. यांची दृष्टी आहे तोवर. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. बाजारात चालत जातात, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाहीत. आवाजावरून ओळखतात.

९ डिसेंबर

इशिता विरारहून आली होती. फाईल मॅनेजर कसा बदलायचा ते दाखवून गेली. वरच्या पट्टीला टूलबार म्हणायचं. तिच्यावर राइट क्लिक केलं की एक चौकट उघडते — डावीकडे सगळी बटणं, उजवीकडे आपल्या पट्टीवरची. नको ते काढायचं, हवं ते घालायचं. "काकू, मसाल्याचा डबा लावतो तसं," म्हणाली. हे मात्र मला लगेच कळलं!

सोळा बटणं होती. पाचच ठेवली. मागे, वर, कॉपी, पेस्ट, डिलीट. चित्रं मोठी केली, खाली नावं आणली.

"दिसतं का?"

"झकास. स्पष्ट!"

१५ डिसेंबर

आज हेडर. फायलींच्या यादीवरची ती ओळ — नाव, साइज, प्रकार, तारीख. यांनी सांगितलं, नाव तेवढं ठेव, बाकीचं काढ. नावाचा रकाना ओढून पार कडेपर्यंत नेला. काळ्यावर पिवळी अक्षरं केली, एकेक केवढं मोठं! पडद्यावर जेमतेम नऊ नावं मावतात.

"आता?"

"आता तर आंधळाही वाचेल," म्हणाले. स्वतःच हसले. मला नाही हसू आलं.

२२ डिसेंबर

नंदाखाल गावच्या बर्थाबाई ऐकल्या. बाळंतिणीला काय खायला द्यायचं ते सांगतायत. मध्येच कोंबड्याला हाकलतात. बाई जाऊन नऊ वर्षं झाली. कोंबडा अजून ओरडतोय.

मी विचारलं, "एवढी वर्षं हे असलं ऐकत होतात, मला का नाही ऐकवलंत?"

"तू विचारलंस कधी?"

खरंच नव्हतं विचारलं.

१ जानेवारी २००४

एकोणसत्तर माणसं लावून झाली.

११ जानेवारी

आज आईंना ऐकलं. फाईल यादीत दिसेना, नाव टाकून शोधली तेव्हा लागली. सासूबाईंची तेवढी एकच टेप. ८७ सालची, जायच्या आदल्या उन्हाळ्यातली. कॉम्प्युटरात भरताना कॅसेटची फीत तुटली, त्यामुळे आता आहे ती फाईलच.

सुकेळी कशी करायची ते सांगतायत. केळी कधी सोलायची, कारवीच्या मांडवावर कशी मांडायची, दव पडायच्या आत कशी उचलायची. सांगता सांगता थांबतात आणि घरच्या बोलीत विचारतात — सदा, तू जेवलास का? मग यांचा तेव्हाचा आवाज — "आई, टेप चालू आहे!" आणि आई हसतात.

हे तीनदा ऐकत बसले. डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

मला सासूबाईंचा जाच कमी नव्हता. पण आज त्या हसल्या तेव्हा मीही रडले.

१४ जानेवारी

कसं लिहू.

आईंची फाईल गेली. कुठेच नाही.

सकाळी मी मशीनमधला पसारा आवरला होता. जागा संपत आली म्हणून सारखी पाटी येत होती. "जुन्या नकला" असं एक फोल्डर होतं, ते काढलं, कचरापेटी रिकामी केली. पुन्हा हेडर बघितला, सगळं नीट होतं. दुपारी मी तिळगूळ द्यायला भावजयीकडे गेले. संध्याकाळी हे म्हणाले, "आज संक्रांत, आईला ऐकू." शोधलं. नाही. पुन्हा शोधलं.

मी धावाधाव करत होते, सकाळी काय काय काढलं ते यांना सांगत होते. हे म्हणाले, "माझ्याच हातून गेली. दुपारी तू नसताना बसलो होतो. कॉपी करायला गेलो, शेजारचं डिलीट दाबलं असणार, आणि नंतर पेटीही रिकामी केली."

मी बोलले! नको नको ते बोलले. "दिसत नाही तर हात कशाला लावायचा? स्वतःच्या आईचं एवढंसं उरलं होतं, तेही घालवलंत!" असं बोलले मी. सणाच्या दिवशी.

हे म्हणाले, "हो. चुकलंच माझं."

१५ जानेवारी

टूलबारवरचं डिलीट काढलं. कॉपी आणि डिलीट शेजारी ठेवली तीच मुळात चूक. आता चार बटणं.

यांना सांगितलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाले.

२ फेब्रुवारी

मशीन सुरू केलं नाही. तीन आठवडे होत आले. मी कामापुरतं बोलते. हे वाडीत जाऊन बसतात.

७ फेब्रुवारी

यांनीच विषय काढला. "आशा, अजून साठेक राहिलेत. माझ्यावरचा राग त्या माणसांवर कशाला?"

मी बसले. पाचूबंदरच्या एका म्हाताऱ्याने वादळात बोट कशी परत आणली ते सांगितलं. आमच्यातला अबोला त्यानेच मोडला.

६ मार्च

एकशे त्रेचाळीस नव्हे, एकशे बेचाळीस. संपले. सगळ्यांची नावं, गावं लागली. यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

९ मार्च

वसईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नोव्हेंबरात हे एकटेच गेले होते, "जैसे थे" म्हणून सांगितलं होतं. आज मी हट्टाने बरोबर.

मी डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं, अक्षरं मोठी केलीत, पिवळी केलीत, कॉम्प्युटर छान वाचतात. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग जुना कागद काढला. "बाई, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग नोव्हेंबरातच गेलाय. कितीही मोठं करा, पडद्यावरचं अक्षर यांना दिसणार नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं यांना."

परत येताना रिक्षात विचारलं — का फसवलंत? मी रंग बदलत होते, अक्षरं ताणत होते, आणि तुम्ही झकास म्हणत होतात!

"दिसत नाही म्हटलं असतं तर तू मशीनवर कापड टाकून उठली असतीस. काम राहिलं असतं. आणि..." थांबले. "रोज दोन तास शेजारी बसायचीस. बरं वाटायचं."

रिक्षावाला ऐकतोय हे विसरून मी यांचा हात धरला.

१० मार्च

सकाळी इशिताचा फोन. गप्पांच्या ओघात आईंच्या फाईलचं निघालं. ती म्हणाली, "काकू, ती तर मी 'जुन्या नकला'मध्येच ठेवली होती. काकांना सांगितलं होतं की मी."

ते फोल्डर मी काढलं. माझ्या हाताने.

यांना पडदा दिसतच नव्हता. त्या दुपारी हे मशीनपाशी बसलेच नव्हते.