सुरतेबाहेर न न्यायचं मशीन

कडोदरा, सुरत

सौ. सिंधूस,

माझी तब्येत बरी आहे. फोनवर बोलताना दम लागतो, म्हणून हे लिहितो. खिचडी आता मलाही जमते. गाय व्याली का? हर्षदाची परीक्षा संपली का?

दवाखान्यात सरकारी कार्डावर सगळं फुकट झालं. घरी लावायचं ऑक्सिजनचं मशीन मात्र कार्डात बसत नाही. खाट सोडली की कार्डाचं काम संपलं, असं खिडकीवरची बाई म्हणाली. एका संस्थेनं मशीन वापरायला दिलंय. माणसं चांगली आहेत. फक्त ते सुरतेबाहेर न्यायचं नाही, अशी माझी सही घेतली. म्हणून आखाजीच्या सणाला गावी येणं होणार नाही. झोका या खेपेला तुझ्या भावाला बांधायला सांग, दोर नवा घे.

एक सांगायचं राहिलं. होळीपासून मी कारखान्यात गेलेलो नाही. फोनवर घरघर ऐकली की तू म्हणतेस, "माग चालू आहेत वाटतं, ठेवते मग." ते माग नसतात, सिंधू. मशीन असतं, आणि खोलीत मी एकटाच असतो.

फोन लगेच ठेवत जाऊ नकोस. मी बोललो नाही तरी तू बोलत राहा.

तुझा,
भटू