पाय टेकतील अशी गाडी

२ फेब्रुवारी

ठरलं. मोटारसायकल घ्यायची. हलकी, परवडणारी, डांबरी सोडून कच्च्या रस्त्यालाही चालेल अशी. जेवताना ह्यांना सांगितलं.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"बरं," म्हणाले आणि पाणी प्यायले. मग ठसका लागला.

तीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवतेय. लोक माझ्या दातांनी हसतात, भांडतात, गावभर फिरतात. मी आपली तिथेच. बसमधून रोज कालव्याकडचा तो मातीचा रस्ता दिसतो. वळतो आणि झाडांत शिरतो. पुढे काय, माहीत नाही. गुडघे धड आहेत तोवर एकदा शेवटपर्यंत जायचंय. आरामात. आणि एकटीने.

५ फेब्रुवारी

पहिलं दुकान. विक्रेता फारच गोड. "मॅडम, ही डोंगर चढते." डोंगराचं राहू दे, मलाच तिच्यावर चढता येईना. स्टूल मागवलं. बसले, तर दोन्ही पाय हवेत. "होईल सवय," म्हणे. सवयीने पाय लांब होतात हे मला नवीनच.

६ फेब्रुवारी

असल्या गाड्या उंचच असतात म्हणे — दगडाला पोट घासू नये म्हणून. म्हणजे दगडाचा विचार केलाय, माझा नाही.

११ फेब्रुवारी

दुसरं दुकान. ही बुटकी, पण वजनाला म्हैस. ह्यांची अट आहे — आडवी पडली तर एकटीने उभी करता आली पाहिजे. बोलणं रास्त आहे. मी विक्रेत्याला म्हटलं, करा आडवी. तो हसला. मी थट्टा करत नाहीये हे कळल्यावर हसायचा थांबला. आम्हाला अगदी अदबीने रस्त्यापर्यंत पोचवलं.

१४ फेब्रुवारी

घरीच सराव. सोफा एका बाजूने उचलायचा. वजन कमी पडायला लागलं म्हणून हे वर बसले, पेपर घेऊन. नेमकी तेव्हाच नणंद आली. दारातच थबकली. "दादा, वहिनी काय करतेय?"

ह्यांनी पान उलटलं. "मोटारसायकल उचलतेय."

ती चहा न घेताच गेली.

१ मार्च

मिळाली! कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे. जुनी, पोपटी, टाकीला पोचा. पण हलकी अशी की पाडली आणि उभी केली, पाडली आणि उभी केली. गॅरेजवाला काकुळतीला आला. "मावशी, पुरे आता. एकच आरसा उरलाय."

किंमत परवडली, वजन परवडलं. पाय मात्र पोचत नाहीत. चवडेसुद्धा नाहीत. पण मी गाडीवर हात ठेवला तो काढला नाही. हे म्हणाले, "सीट कापून घे." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कामाचं बोलले.

४ मार्च

सीट परक्या हातात कशाला द्यायची? माप घेणं हा माझाच धंदा. जबडा असो की बूड, ठसा नीट आला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत लॅबमधलं गुलाबी मेण गरम केलं, परातभर पसरलं आणि बसले. तेवढ्यात डॉक्टर आत आले. परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पेशंट कोण?"

म्हटलं, "घरचंच आहे."

९ मार्च

ठशाबरहुकूम फोम कोरला. अशी चपखल सीट झालीय की काय सांगू! गॅरेजवाला बसून बघायला गेला आणि कळवळून उठला. माझ्याशिवाय कोणाचं कामच नाही. जुनी सीट टाकून द्या म्हटलं, तर हे म्हणाले, "राहू दे, माळ्यावर ठेवतो." ह्यांच्याने रिकामी बरणीसुद्धा टाकवत नाही.

पाय अजून चार बोटं वर.

१२ मार्च

बुटांना जाड तळ लावून घेतले. पाय पोचले. पण आता बूट गिअरखाली जात नाही. काढून टाकले तळ. डोकं उठलंय.

१५ मार्च

चालवायला येते मला, तरुणपणी भावाची चालवायचे. निघताही येतं — फाटकाजवळच्या कट्ट्यावर पाय देऊन. थांबता येत नाही. कट्टा हुकला आणि मी बिल्डिंगभोवती फिरत राहिले. दर फेरीला खिडकीत हे.

"थांबव की!"

"पकडा!"

"काय पकडू?"

शेवटी अनवाणी धावत खाली आले आणि मला गाडीसकट कवेत घेतलं. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती वर्षांनी मिठी मारली ह्यांनी! मध्ये हेल्मेट होतं.

२० मार्च

तोड निघाली. ह्यांची उंची आयुष्यभर माळ्यावरचं सामान काढण्यात वाया गेली, आता सत्कारणी लावू. हे मागे बसणार. मी "पाय" म्हटलं की पाय टेकणार. झालं. "एकटीने"ला थोडी मुरड.

ह्यांना दुचाकीची धडकी भरते. "आणि डोळ्यांचं काय करू?"

"मिटा."

२८ मार्च

कालवा! मातीचा रस्ता, कडेला गवत, चाकाखाली खडी कुरकुरतेय. कुठलीही घाई नाही. पाठीमागे हे काहीतरी पुटपुटत होते, बहुधा देवाचं. ते वळण आलं, पुढे झाडं — आणि मी काही म्हणायच्या आत ह्यांनी पाय टेकले.

"पुरे. फिर मागे."

पाय त्यांचे. मी काय करणार? रडू आलं मला. हेल्मेटमुळे दिसलं नाही.

४ एप्रिल

पुन्हा वळणापर्यंतच. म्हटलं, तुम्ही उतरा, मी जाऊन येते. "थांबशील कशी?" म्हणाले. गाडी वळवली. येताना एक शब्द बोलले नाही, "पाय" सोडून.

११ एप्रिल

सकाळी उठले तर घरात हे नाहीत. खाली गाडी नाही. जेवणाच्या टेबलावर माझी सीट, ठशासकट, नीट पुसून ठेवलेली. माळ्याचं दार उघडं, जुनी सीट गायब.

ह्यांना चालवता कधी यायला लागली? डोळे मिटलेत असं मी समजत होते. मागे बसून सगळं बघत होते!

दुपारी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, केस उभे. मी दारातच गाठलं.

"शेवटाला काय आहे?"

"काही नाही गं. रस्ता संपतो."

आणि शीळ घालत आंघोळीला गेले. ह्यांना शीळ येते हे मला आज कळलं.

१२ एप्रिल

हे पुन्हा गेले. नवा शर्ट घालून.

सीट पिशवीत घातली आणि गॅरेज गाठलं. तसलीच अजून एक आहे, लाल. आत्ता माझी सीट बसवतायत, मी बाहेर बाकावर बसून लिहितेय. गॅरेजवाला विचारतोय, "मावशी, पण थांबणार कशा?"

मला थांबायचं नाहीये, म्हटलं.